भोंग्याच्या सूचना

थंडामास्तर हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. घरचे फ्रिज, पाण्याचे कूलर, दुकानातल्या थंड पेट्या, असलं सगळं तो दुरुस्त करायचा. म्हणून लोकांनी हे नाव चिकटवलं, आणि चिकटलं ते चिकटलंच. गंमत एवढीच की सगळ्यांच्या वस्तू थंड करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं डोकं बारा महिने उकळत असायचं. उन्हाळ्यात तर विचारूच नका.

उन्हाळा म्हणजे बाकीच्यांची सुट्टी आणि याचा हंगाम. सकाळी सातला पहिला फोन यायचा, दूध नासलं म्हणून. आणि त्या वर्षी तर बायकोनं शाळा सुटायच्या आधीच एक मोठा कागद भिंतीवर डकवला होता. तळं, संग्रहालय, प्राण्यांची बाग, चर्चची सहल, आणि शेवटी पंधरा दिवस चर्चची सुट्टीतली बायबल शाळा, जिथं बायको स्वतःच शिकवायची. प्रत्येक ओळीपुढं तारीख. खाली मास्तरची सही. सही त्यानं कधी केली ते त्याला आठवेना. जेवताना घेतली असणार, दुसरं काय.

पण कागदाचं एक वेळ सोडा. खरा ताप बाहेरच्या खोलीत उभा होता, कमरेच्या वर उंच, स्टीलचा, दोन नळांचा. तो चर्चचा पाण्याचा कूलर होता.

त्याची गोष्ट अशी. मास्तर आणि त्याचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, दोघांनी चौदा वर्षं एकच दुकान चालवलं. मग दादाला एका मोठ्या शीतगृहात नोकरी लागली आणि तो गेला. भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, कारण मग मिटवता तरी आलं असतं. मास्तर नुसता फुगून बसला. आणि थंडी सरता सरता एका रविवारी, उपासना सुटल्यावर, चर्चचा कूलर बंद पडला म्हणून पंच मंडळी त्याच्याभोवती जमली. दादानं वाकून दोन मिनिटं बघितलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की याच्यात आता काही राम नाही, नवीन घ्या.

झालं. मास्तर मागं उभा होता. तो पुढं आला आणि म्हणाला, "कोण म्हणतं? मी करून देतो. उन्हाळ्याच्या आत."

पाळकसाहेबांनी टाळी वाजवली, आणि कूलर टेम्पोतून मास्तरच्या घरी आला. दुकानात त्यानं मुद्दाम ठेवला नाही. येणाऱ्या गिऱ्हाइकांनी विचारलं असतं ना, हा किती दिवस पडलाय म्हणून.

कूलर उघडल्यावर पहिल्याच संध्याकाळी मास्तरला कळलं की दादा बरोबर बोलला होता. कॉइलला आतून गंजून भोकं पडलेली. एक भोक बुजवावं तर गॅस दुसरीकडून सुटायचा. दुसरं बुजवावं तर तिसरीकडून. आणि एवढं सगळं करून कंप्रेसर सुरू केला तर तो म्हाताऱ्यासारखा दोनदा कण्हायचा आणि गप्प बसायचा. हे तेव्हाच कबूल केलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण कबूल कोणाला करायचं? दादासमोर? त्यापेक्षा मास्तरनं पाळकसाहेबांना सांगितलं की एक पार्ट मागवलाय, येतोय. मग उन्हाळा लागला. पार्ट येतच राहिला, आणि चर्चची सगळी मंडळी दर रविवारी कोमट पाणी पीत राहिली.

आता पोरींचं सांगायला हवं. थोरली ताई, बारा वर्षांची. हातात रंग आणि कात्री दिली की दोन दिवस आवाज नाही. आणि धाकटी सात वर्षांची, तिला सगळे भोंगा म्हणत. का म्हणत ते ती तोंड उघडेपर्यंतच विचारावं लागायचं.

कूलर घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी भोंग्यानं शोध लावला की त्याच्यामागं स्टुलावर उभं राहिलं की आपण थेट पाळकसाहेबांसारख्या दिसतो. तिथून पुढं घराचं चर्च झालं. ताईनं फ्रिजच्या खोक्यांतून खिडक्या कापल्या, त्यांना रंगीत कागद लावले. उशांची बाकं झाली. शेजारपाजारची पाच-सहा पोरं मंडळी म्हणून यायची. गाणं व्हायचं, प्रार्थना व्हायची, बाहुल्यांचे बाप्तिस्मे व्हायचे. एका दुपारी तर मास्तरच्या पान्याचाही बाप्तिस्मा झाला आणि तो गंजला.

हेही चाललं असतं. पण खऱ्या चर्चमध्ये उपदेशाच्या आधी सूचना असतात. अमक्या घरी प्रार्थना, तमक्या वेळी बैठक, आजारी कोण, परगावी कोण. भोंग्याला उपदेशात रस नव्हता. तिला सूचना आवडायच्या. आणि ती सूचना आणणार कुठून? घरात जे कानावर पडेल त्यातून.

"सूचना," ती कूलरवर हात ठेवून सुरू करायची. "आपल्या मोरीचा नळ तीन आठवडे गळतोय. पप्पा उद्या करतो म्हणालेत. समोरच्या शिंपीणकाकू मम्मीच्या मते फार बोलतात. कूलरचा पार्ट अजून आलेला नाही. तो कुठून येणार आहे ते पप्पांनाही माहीत नाही."

खिडक्या उघड्या. समोर शिंपीणकाकूंचं मशीन चालता चालता थांबायचं.

बायको लेकीला रागवायची, पण हसू दाबत. मास्तरला हसू येत नव्हतं. तो म्हणायचा, हे पोर नाही, हे पोलिस ठाणं आहे. घरात शिंकायची सोय राहिली नाही.

सहलींचं तर काय सांगावं. तळ्याला जायचं त्या दिवशी मास्तर म्हणाला, वाटेत पाचच मिनिटं पार्टवाल्याकडे थांबू. ती पाच मिनिटं दोन तासांची झाली. मास्तर आत कॉइलचे तुकडे हातात धरून वाद घालत होता, बायको आणि पोरी बाहेर पायरीवर डबा उघडून बसल्या होत्या. तळ्यावर पोचले तेव्हा नावा बंद झाल्या होत्या. संग्रहालयाला गेले तो नेमका त्याच्या साप्ताहिक सुट्टीचा वार. प्राण्यांच्या बागेत मास्तरनं अस्वलापुढं उभं राहून फोनवर पाऊण तास एका मिठाईवाल्याला थंड पेटी कशी चालू ठेवायची ते समजावलं. अस्वल कंटाळून आत गेलं. घरी येऊन बायकोनं कागदावरच्या तिन्ही ओळींवर काट मारली आणि शेजारी "झाली" असं न लिहिता "गेली" असं लिहिलं.

आणि चर्चची सहल म्हणजे वेगळंच प्रकरण. एकच बस, आणि दादाही त्याच बसमध्ये. जागा अशी मिळाली की दोघं भाऊ मागंपुढं आणि मधल्या वाटेत भोंगा. दादानं तिला विचारलं, तुझ्या पप्पांना विचार, पाणी हवंय का. भोंग्यानं विचारलं. मास्तर म्हणाला, सांग, नको. तिनं सांगितलं. मग दादा म्हणाला, विचार, दुकान कसं चाललंय. मास्तर म्हणाला, सांग, उत्तम. आणि हळूच पुटपुटला, आता विचारतोय शहाणा. भोंग्यानं तेही पोचवलं, खड्या आवाजात, जसंच्या तसं. पुढच्या चार बाकांवरची मंडळी खिडकीबाहेर बघू लागली. दादानं बाटलीचं झाकण लावलं आणि ती पिशवीत ठेवून दिली.

त्या संध्याकाळी बायकोनं मास्तरला समोर बसवून घेतलं.

"अहो, एक वाक्य आहे," ती म्हणाली. "दादा, तू म्हणालास तसंच निघालं. एवढंच. याला पार्ट लागत नाही."

मास्तर म्हणाला, तुला मशीनमधलं काही कळत नाही. ती म्हणाली, मी मशीनबद्दल बोलतच नाहीये. तेवढ्यात आतून भोंग्याचा आवाज आला की उद्याच्या सूचनांत हे घ्यायचं का.

बायबल शाळा सुरू झाली. पाळकसाहेब एकदा घरी चहाला आले, त्यांनी पोरींचं खोक्यांचं चर्च बघितलं आणि त्यांना इतकं आवडलं की समारोपाच्या दिवशी हेच सगळ्यांसमोर करा म्हणाले. जसं घरी करता तसंच, सूचनांसकट. निघताना कूलरवर बोटं वाजवून त्यांनी विचारलं, "मास्तर, समारोपाला दीडशे माणूस येणार. तोवर होईल ना हो?"

आणि मास्तरच्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी गार पाणी प्या, पाळकसाहेब. माझा शब्द."

शब्द दिला आणि मग तो पाळायचा कसा यावर मास्तर चार दिवस जळत राहिला. पाचव्या दिवशी त्याला युक्ती सुचली, आणि ती युक्ती फक्त अशा माणसालाच सुचू शकते ज्याला थंड करायचे सगळे मार्ग ठाऊक आहेत. बर्फ. कूलरची टाकी चांगली मोठी. सकाळी लवकर नेऊन लाद्या फोडून भरल्या की दुपारपर्यंत नळाला असं गार पाणी येईल की दातांना कळ लागावी. मागचा छोटा पंखा चालू स्थितीत होता, वायर लावली की घूं करत राहायचा. कोणाला काय कळतंय? एक दिवस निभावला की पुढचं पुढं. एकदा गार पाणी प्यायलेल्या माणसाला नंतर सांगता येतं, की बघा, चालत होता, परत बिघडला.

समारोपाच्या दिवशी सकाळी सहाला टेम्पो आला. टेम्पोवाला आणि मास्तर दोघांनी कूलर नेऊन चर्चच्या सभागृहाच्या दाराजवळ, त्याच्या जुन्या जागी लावला. पोरींनी आदल्या दिवशी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आमचं व्यासपीठ नेताय म्हणून. ताईनं मग रागारागात एक खोकं रंगवून नवीन केलं. ते ठेवायला म्हणून भोंगाही बापाबरोबर आली होती. मास्तर टाकीचं झाकण उघडून पोत्यातला बर्फ आत ओतत होता तेव्हा ती खोकं डोक्यावर घेऊन दारात उभी होती.

तिनं खोकं खाली ठेवलं, टाकीत डोकावून बघितलं. मग म्हणाली, "पप्पा, ही सूचना आहे का गुपित?"

मास्तरच्या हातातलं पोतं निसटलं. तो खाली बसला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी कळवळून सांगितलं की हे गुपित आहे. हे कोणाला, म्हणजे कोणालाही, सांगायचं नाही. तिनं मान डोलावली. गुपित सांगायचं नसतं हे तिला चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवलं होतं. कोणी? तिच्याच आईनं.

दहाला सभागृह भरलं. बाहेर ऊन असं की डांबर मऊ झालेलं. माणसं आत शिरायच्या आधी कूलरपाशी थांबत होती, पेला भरत होती, आणि पहिल्या घोटाला त्यांचे डोळे मिटत होते. एका म्हातारबांनी तर तीन पेले रिचवले आणि मास्तरच्या पाठीवर थाप मारली. कोणी म्हणालं, हाताला गुण आहे बाबा याच्या. कोणी म्हणालं, आणि लोक म्हणत होते नवीन घ्या. मास्तर हसत होता, पण त्याचे कान तापले होते. पंखा मागं घूं करत होता. बायको जवळून गेली तेव्हा तिनं त्याच्याकडं असं बघितलं, कौतुकानं, की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. दोन महिन्यांत तिनं त्याच्याकडं असं बघितलं नव्हतं.

मग दादा आला. त्यानं पेला भरला, सावकाश प्यायला. आणि रिकामा पेला ठेवता ठेवता त्याचा दुसरा हात सवयीनं कूलरच्या मागं गेला, मागच्या जाळीवर.

जे मशीन खरंच पाणी गार करत असतं त्याची पाठ गरम असते. आतली उष्णता बाहेर तिथूनच पडते. हे दीडशे माणसांत दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या धाकट्याला हे थोरल्यानंच शिकवलं होतं, दुकानाच्या पहिल्याच दिवशी. जाळी गार होती, थंडगार.

दादानं हात काढून घेतला. मास्तरकडं बघितलं. मास्तर वाट बघत होता की आता हा बोलणार, आता सगळ्यांसमोर माझी लाज काढणार. म्हातारबा शेजारीच उभे होते, ते दादाला म्हणाले, काय, करून दाखवलं की नाही तुमच्या भावानं?

"दाखवलं," दादा म्हणाला. आणि आत जाऊन बसला.

मास्तर मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. बसावंसं वाटेना. त्याला दादाचा राग आला. बोलला असता तर काय झालं असतं? दोन शब्द ऐकवले असते तर यानंही चार ऐकवले असते, आणि मोकळं झालं असतं. हा असा गप्प बसून उपकार करतो आणि माणसाला जगू देत नाही.

पोरांची गाणी झाली, पाठांतर झालं. शेवटी ताई आणि भोंग्याचं चर्च. रंगीत खिडक्या लागल्या, खोक्याचं व्यासपीठ पुढं आलं, आणि त्यामागं स्टुलावर भोंगा. ताईनं सूचना लिहून दिल्या होत्या आणि आईनं दोनदा तपासल्या होत्या, त्यामुळं शिंपीणकाकू त्यातून वगळल्या गेल्या होत्या. माइक होता, पण तो लावायची गरज पडली नाही.

"सूचना," भोंगा म्हणाली. "बायबल शाळेत एकूण सत्तेचाळीस मुलं होती. डिंकाच्या सगळ्या बाटल्या संपल्या आहेत. मुलांच्या पाठांतरात आमची ताई दुसरी आली, ती पहिली येणार होती. आमच्या मोरीचा नळ गळायचा थांबला आहे, कारण मम्मीनं केला." माणसं हसू लागली. भोंग्यानं कागद उलटला. पाठीमागं काही नव्हतं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "कूलरबद्दल एक गुपित आहे. ते सांगायचं नाही असं पप्पांनी सांगितलंय. म्हणून मी सांगत नाही."

सभागृहात असा सन्नाटा झाला की दाराजवळचा पंखा ऐकू यायला लागला. घूं. दीडशे माना एकेक करत मागं वळू लागल्या. बायकोची तर आधीच वळली होती, आणि मघाचं ते कौतुक तिच्या चेहऱ्यावरून कोणीतरी फडक्यानं पुसून नेल्यासारखं गेलं होतं.

भोंग्याला कशाचा पत्ता नव्हता. पाळकसाहेब शेवटी विचारतात तसं तिनं मान वर करून विचारलं, "अजून कोणाची काही सूचना?"

मास्तरला दार जवळ होतं. दोन पावलं आणि तो उन्हात. पण त्याची नजर दादाकडं गेली. सगळ्या मंडळीत एकटा दादाच मागं वळला नव्हता. तो समोर बघत बसला होता, मानेवर घाम, आणि त्याच्या पाठीवरून कळत होतं की त्याला लाज वाटतेय. स्वतःची नाही, याची.

"माझी आहे," मास्तर म्हणाला. आवाज फाटला, म्हणून परत म्हणाला. "माझी सूचना आहे. कूलर बंद आहे. आत बर्फ भरलाय, सकाळी मीच भरला. हा दुरुस्त होणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पार्ट-बिर्ट काही मागवलेला नाही. दादानं सांगितलं होतं तसंच निघालं. तुम्ही सगळे उन्हाळाभर गरम पाणी प्यायलात ते माझ्या हट्टापायी." आणि शेवटी म्हणाला, "एवढंच."

"आमेन," भोंगा म्हणाली. सूचना संपल्यावर काय म्हणतात ते तिला आठवलं नाही.

मग काय झालं ते मास्तरला धड आठवत नाही. कोणी हसलं, कोणी घसा साफ केला. पाळकसाहेब उठून म्हणाले की नवीन कूलरचं पुढच्या बैठकीत बघू, आणि हा बर्फ वितळायच्या आत सगळ्यांनी पाणी प्या. म्हातारबा बडबडले, की मी याच्या पाठीवर जी थाप मारली ती आता परत घेऊ का. बायको जवळ आली. त्याच्या शर्टाची वळलेली कॉलर तिनं सरळ केली, जरा जोरातच.

दादा सगळ्यांत शेवटी आला. मास्तर कूलरची वायर गुंडाळत होता.

"पंखा कशाला लावलास?" दादानं विचारलं. मधे भोंगा नव्हती, थेट विचारलं.

"आवाजाला."

"आवाजाला." दादानं कपाळाला हात लावला. "अरे गाढवा, वारा देऊन बर्फ लवकर वितळवलास की. अजून दोन तास गार राहिलं असतं."

मास्तर उसळला. म्हणाला, पंख्याचा वारा टाकीला लागतच नाही, तो मागं जातो, मधे पत्रा आहे. दादा म्हणाला, पत्रा तापतो. मास्तर म्हणाला, तापतो कशानं, कंप्रेसर बंद आहे. दादा म्हणाला, दाखव. मास्तरनं खिशातून स्क्रू काढायचा पेचकस काढला आणि दोघं दारातच गुडघ्यावर बसले, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडवून. मागचा पत्रा निघाला. दादानं आत डोकं घालून कॉइलवर भोकं बुजवायला मास्तरनं मारलेले सगळे टाके मोजले. अकरा होते. म्हणाला, यातले आठ चांगले आहेत. मास्तर म्हणाला, तीन कोणते वाईट ते दाखव. आवाज चढले. सभागृह झाडणारा झाडू घेऊन खोळंबून उभा राहिला.

बायको दोन्ही पोरींना घेऊन, खोक्याचं चर्च काखेत धरून, पायऱ्यांवर थांबली होती. तिनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तिनं भोंग्याला सांगितलं की तू मार.

भोंग्यानं मारली. आतल्या दोघांपैकी एकानंही डोकं बाहेर काढलं नाही.